धाकट्या हार्कवेलची शीव

आमच्या घरातून विलायतेला गेलेली मी दुसरी. पहिली गेली ती तिकडचीच झाली, म्हणून तर मला पाठवलं.

पहिली म्हणजे माझी धाकटी बहीण यमू. गव्हाणच्या मिठागरवाल्याची मुलगी नर्स काय होते, विमानात बसून थेट इंग्लंडला काय जाते, गावाला हे काही केल्या पचेना. वर तिने तिकडे शाळेची बस चालवणाऱ्या जॉर्ज नावाच्या गोऱ्याशी लग्न लावलं. बाबा वर्षभर कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे बंदर आलं, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, आमचं मिठागरही गेलं. मग बाबाच गेले, त्यांच्या तेराव्याला यमू येऊन गेली तेवढीच. दादाने विटा-वाळूचा धंदा सुरू केला आणि गव्हाणला दुमजली घर उठवलं.

गेल्या थंडीत जॉर्ज वारला. मूलबाळ नाही. आईने काय केलं, तर दादाच्या घरातली वरची खोली झाडूनपुसून घेतली, दादाच्या मागे लागून तिथे पंखा बसवून घेतला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली. ती यमूची खोली. दादा मला म्हणाला, "कमल, तू मास्तरीण. वर्गभर पोरं एका आवाजात गप करतंस. एक बहीन घेऊन यायला काय जड हाय?" मे महिन्याची सुट्टी होती. आमच्या ह्यांना तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या, त्यामुळे ते येणं शक्यच नव्हतं. आईने निघताना एक पुडकं हातात दिलं. आमच्या आगरातल्या शेवटच्या राशीचं मीठ तिने बरणीत जपून ठेवलं होतं, त्यातलं. म्हणाली, "हे तिला दे. आन तिला घेऊन ये."

परत आल्यापासून शाळेतल्या बायका विचारतात, राणीचा राजवाडा पाहिला का, मेणाचे पुतळे पाहिले का? बायांनो, मी लंडनचं फक्त विमानतळ पाहिलं. इंग्लंड म्हणून जे काही पाहिलं ते एक गाव, आणि तेही आपल्या गव्हाणच्या एका आळीत मावेल एवढं. पण सांगण्यासारखं त्यातच इतकं आहे की राजवाडा राहिला याची मला चुटपुटही लागली नाही.

गावात शिरताना

स्टेशनावर यमू स्वतः गाडी घेऊन आली होती. मी तिला ओळखलंच नाही. गुडघ्यापर्यंत बूट, अंगात पुरुषी कोट, पिकलेल्या केसांचा आखूड कट. पण तिने तोंड उघडलं मात्र, मी फलाटावर उभ्या उभ्या पन्नास वर्षं मागे गेले.

"काय गो ताय, किती वालली तू! जेवतंस का नाय?"

पनवेलला संसार करून, शाळेत शिकवून माझी भाषा कधीच धुऊन निघाली. आईच्या तोंडीसुद्धा आता टीव्हीतले शब्द येतात. आणि ही बया साता समुद्रापार गोऱ्या माणसांत राहून गव्हाणची बोली होती तशीच घेऊन बसलेली. बोलायला कुणी नव्हतं म्हणून तिची भाषा बिघडली नाही, असं ती म्हणाली. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

गावाचं नाव लिटल हार्कवेल. लिटल म्हणजे धाकटं, तेव्हा मी साहजिकच विचारलं, थोरलं कुठे आहे? यमूने गाडी थांबवली आणि एका हिरव्यागार उतारावर बोट दाखवलं. तिथे मेंढ्या चरत होत्या. गवताखाली जमिनीला उंचवटे होते, लांबट, चौकोनी.

"ते काय. शेकडो वरसांमागं साथ आली, सगली मेली. त्या उंचवट्याखाली घरं हायत. मदी खोलगट हाय ना, तो रस्ता."

गाव नाहीसं होऊन कित्येक पिढ्या लोटल्या, तरी त्या शेतावर कुणी नांगर घातलेला नाही, कुणी पत्र्याची शेड ठोकलेली नाही. गावातली माणसं तिथून जाताना म्हणतात, आम्ही थोरल्या हार्कवेलवरून आलो. आपल्याकडे बाबांच्या आगरावर ट्रकभर भराव पडून किती वर्षं झाली? आणि तिथे काय होतं हे विचारलं तर शेजारच्या पोराला सांगता येत नाही. त्या उताराकडे मी बराच वेळ बघत राहिले. यमूने घाई केली नाही.

सुकट आणि रांगोळी

धाकट्या हार्कवेलात एक चर्च, एक दारूचा गुत्ता, एक पोस्ट आणि दुकान एकाच खोलीत, आणि मधोमध एक हिरवं पटांगण. घरं दगडी, बुटकी, मधाच्या रंगाची. गुत्ता म्हटलं म्हणून नाकं मुरडू नका. तिथे आजीबाई विणकाम घेऊन बसतात आणि कुत्र्यांना त्यांच्या त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. एका शेताच्या फाटकाशी टोपलीत अंडी ठेवलेली, शेजारी डबा. माणूस नाही. अंडी घ्या, पैसे डब्यात टाका. मी यमूला म्हटलं, "पनवेलच्या बाजारात असा डबा ठेवला तर?" ती म्हणाली, "अंडी राहतील गो. डबा जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून आगळीक झाली. बॅगेत दडवून नेलेली सुकट मी तव्यावर भाजायला घेतली. खिडक्या बंद होत्या, बाहेर गारठा. पाच मिनिटांत दारावर टकटक झाली. शेजारच्या डॉरथीबाई, ऐंशीच्या घरातल्या, अंगावर झगा, चेहरा काळजीने ओढलेला. माझा जीव कानकोंडा झाला. वाटलं, आता गटार तुंबलं का विचारणार. बाईंनी आत येऊन दोनदा हवा हुंगली आणि म्हणाल्या, "अरे, सुकट होय! किती महिने हा वास आला नाही. म्हणून म्हटलं बघून यावं, यमू बरी आहे ना."

जॉर्ज गेल्यापासून यमूने सुकट भाजलीच नव्हती. तो हयात असताना ती भाजायची आणि तो घरभर खिडक्या उघडत फिरायचा. सगळी आळी त्याला हसायची. डॉरथीबाई बसल्या, त्यांनी तांदळाच्या भाकरीच्या एका तुकड्याबरोबर चिमूटभर सुकट खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी जात नाही, असं मी इंग्रजांविषयी ऐकून गेले होते. ते खरंही आहे. पण सुकटीच्या वासावरून शेजारणीची खुशाली ओळखणाऱ्या म्हाताऱ्या मला गव्हाणला तरी किती भेटतील?

त्यानंतर मी जरा धीट झाले. उंबऱ्याबाहेरची पायरी धुऊन रोज रांगोळी काढू लागले. पोस्टमन पहिल्या दिवशी थबकला, मग गवतावरून वळसा घालून आला आणि खिडकीतून पाकीट दिलं. पुढे दूधवाल्यानेही तेच केलं. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरी माझा नवरा तीस वर्षं त्यावरून चपलांसकट जातो आहे.

जॉर्जच्या शेजारी

एक गोष्ट मात्र मला पहिल्यांदा झेपली नाही. चर्चभोवतीचं आवार म्हणजे स्मशान, आणि ते गावाच्या मध्यावर. आपल्याकडे मसणवटा खाडीच्या कडेला, गावाबाहेर. तिथून आलं की आंघोळ. इथे लोक थडग्यांमधल्या बाकावर बसून सँडविच खातात. यमू रोज दुपारी खुरपं घेऊन जॉर्जच्या कबरीशी जायची, तण काढायची आणि त्याच्याशी बोलायची. गव्हाणच्या बोलीत.

"त्याला कळायचं?" मी विचारलं.

"अर्धं. आता पुरं कलत आसंल."

मी तिथेच विषय काढला. आईने खोली तयार ठेवली आहे, दादाने तिच्या तिकिटाची व्यवस्था केली आहे, परक्या मुलखात एकटं म्हातारपण काढायचं म्हणजे काय चेष्टा आहे का, दुखलंखुपलं तर कोण बघणार. वर्गात बोलते तशी मी बोलत होते. यमूने सगळं ऐकून घेतलं. खुरप्याची माती झटकली.

"रविवारी गावाची शीव चालायची हाय. ती झाली का मंग सांगतो तुला. तवर नको इचारू."

गव्हाणकडच्या बायका अशाच बोलतात, ‘सांगतो’, ‘जातो’. तिचं ते ऐकून मी विषय सोडला. रविवार तीन दिवसांवर होता आणि मला खात्री होती की ती येणार.

काठी कुणाच्या हातात

शीव चालणं म्हणजे काय, हे मला आर्थर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावलं. एवढ्या वयाच्या माणसाला सगळे नुसतं ‘आर्थर’ म्हणतात. माझी जीभ काही रेटेना. मी त्यांना आर्थरभाऊ म्हणू लागले आणि दोन दिवसांत ते ओ देऊ लागले.

फार पूर्वी नकाशे नव्हते, तेव्हा गावाची हद्द माणसांच्या डोक्यात असायची. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळं गाव हद्दीवरून चालत जायचं, जागोजागीच्या खुणेच्या दगडांना विलो नावाच्या झाडाच्या काठ्यांनी बडवायचं. बडवताना सगळ्यांच्या लक्षात राहायचं, दगड इथे आहे. आता नकाशे आले, कचेऱ्या आल्या. तरी हे चालतातच. का, असं विचारल्यावर आर्थरभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दिवाळी का करता विचारलं.

सगळ्यांच्या पुढे ॲशच्या लाकडाची लांब काठी घेऊन एकजण चालतो. त्याला सगळी वाट ठाऊक हवी. कितीतरी वर्षं ती काठी जॉर्जच्या हातात होती, आणि त्याच्या शेजारी दर वर्षी यमू. आर्थरभाऊंचे गुडघे गेलेले. बाकीच्यांना तुकड्या तुकड्याने वाट माहीत होती, सगळी अशी कुणालाच नाही. म्हणून गावाने काठी यमूपुढे ठेवली होती. तिने अजून हो म्हटलं नव्हतं. काठी आर्थरभाऊंच्या घरात दाराआड उभी होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एकटीच तिला मागत नव्हते.

शिवेवरून

रविवारी दुपारी पटांगणात बरीच माणसं जमली. पाद्रीबुवा, डॉरथीबाई, बाबागाडीतलं बाळ, चार कुत्री. आर्थरभाऊ ट्रॅक्टरवर बसून आले होते, रस्त्यारस्त्याने येणार होते. त्यांनी काठी आडवी धरून यमूपुढे केली. यमूने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिने काठी घेतली.

काय सांगू तुम्हाला त्या चालीविषयी! मेचं ऊन, पण कोवळं, आपल्या पौष महिन्यातल्यासारखं. कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा नुसता खच. एका रानात झाडांखाली जमीन दिसेना, इतकी निळी फुलं. पाय ठेवायला जीव धजेना. शेताशेतांमधून दगडावर दगड रचलेले बांध, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही, आणि शेकडो वर्षं उभे. बांध ओलांडायला त्यातच दगडी पायऱ्या बसवलेल्या. कुणाच्याही शेतातून वाट जाते आणि शेताचा मालक फाटक उघडून उभा. आमच्या चुलत्याशी बाबांचं एका बांधावरून भांडण जुंपलं होतं, ते दोघे मेले तरी सुटलं नाही. हे आठवून मला चालता चालता घाम फुटला.

सर्वांत मोठी गंमत गिरणीच्या घराशी झाली. जुनी हद्द बरोबर त्या घराखालून जाते. तिथे लंडनहून आलेला नवा मालक राहतो. आता काय, असं म्हणेपर्यंत यमूने काठीने दार ठोठावलं, दार उघडलं, आणि आख्खी वरात बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका मोढ्यावर पाय देऊन परसात! मालक सरबताचे पेले घेऊन ओट्याशी उभा होता. मी चपला हातात घेतल्या, परक्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून कसं जायचं? माझं पाहून मागच्या दोन बायकांनीही बूट काढले. पुढे चिखल लागला आणि तिघींच्या मोज्यांचं वाटोळं झालं.

रानाच्या टोकाला थोरला दगड होता. तो सापडेचना. खाजकुयलीसारखं अंगाला झोंबणारं एक झुडूप तिथे माजलं होतं. लोक काठ्यांनी इकडे तिकडे चाचपत राहिले. यमू थांबली, एका वाकड्या झाडाला पाठ लावून उभी राहिली, खांदा वळवला, आणि सरळ चालत जाऊन काठी खाली आपटली. ठण्ण आवाज आला. कमरेएवढा दगड, शेवाळलेला, वर एक अक्षर कोरलेलं. सगळ्यांनी तो बडवला. पाद्रीबुवांनी दोन शब्द म्हटले, त्यांचा अर्थ एवढाच की शेजाऱ्याची खूण सरकवू नये.

आणि मग सगळे माझ्याकडे वळले.

रीत अशी आहे की गावात जो सर्वांत नवा असेल त्याला दोघांनी उचलायचं आणि त्याचं बूड दगडावर तीनदा आपटायचं. म्हणजे तो ती जागा जन्मात विसरत नाही. यमूला पूर्वी असंच जॉर्जने आणि आर्थरभाऊंनी आपटलं होतं. आता दोन धट्टेकट्टे पुरुष हसत हसत माझ्या दिशेने आले, आणि मी किंचाळले, "नाही! नाही!"

त्यांना वाटलं मला पडायची भीती वाटते. तसं नव्हतं. शिवेवरचा दगड म्हणजे आमचा देव. गव्हाणच्या शिवेवर करंजाच्या झाडाखाली तो आहे, शेंदूर फासलेला. नवी नवरी गावात शिरली की पहिला नारळ त्याला. सांगा, त्यावर बूड कसं टेकवायचं? आधीच मघापासून हे सगळे त्याला बडवताना मी मनातल्या मनात त्याची माफी मागत होते. मी ओले मोजे काढले, पदर डोक्यावरून घेतला, गुडघे टेकले आणि त्या शेवाळलेल्या दगडावर कपाळ ठेवलं. गार होता. ‘माझ्या बहिणीला सांभाळ’ असं माझ्या तोंडून निघून गेलं. मी तिला न्यायला आले होते, आणि मागितलं हे.

उठले तेव्हा पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डॉरथीबाई म्हणाल्या, "हे बरं आहे की! माझ्या कंबरेला हेच सोसेल," आणि काठीवर भार देऊन त्यांनीही कपाळ टेकवलं. त्यावर जो हशा पिकला! यमू हसत होती आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती.

मीठ

चाल संपली तिथे ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर पाव, चीज, उकडलेली अंडी आणि बिअर मांडली होती. यमूने खिशातून, मी आल्याबरोबर दिलेलं, आईचं पुडकं काढलं आणि अंड्यांवर मीठ भुरभुरवलं. जाडं, करडं मीठ. आर्थरभाऊंनी बोटावर घेऊन चाटलं. हे कुठलं, म्हणून विचारलं.

"माझ्या बाबांच्या शेतातलं," यमूने इंग्रजीत सांगितलं.

"मिठाचं शेत?"

मग मी काठी घेऊन मातीत रेघा ओढल्या. ही खाडी, हे बांध, हे वाफे. भरतीचं पाणी इथून घ्यायचं, ऊन त्याचं मीठ पिकवतं. आर्थरभाऊ ट्रॅक्टरवरून उतरले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली वाकून माझं शेत बघू लागले. बांध फुटला तर काय करता, पाऊस आला तर काय, सगळं एका शेतकऱ्याने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं. मला बाबा असायला हवे होते असं फार वाटलं. शेवटी आर्थरभाऊ म्हणाले, "आणि तुमच्या गावाची शीव कोण चालतं?"

मी काठी खाली ठेवली. "कुणी नाही," म्हटलं. त्यांनी आणखी एक अंडं सोलून माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर यमूने बूट काढता काढता सांगितलं, "ताय, मी नाय येत."

मी खूप बोलले. आईचं वय काढलं, दादाचा खर्च काढला, रक्ताचं नातं काढलं. जॉर्ज मेला, आता इथे तुझं आहे कोण, इथपर्यंत गेले. ते बोलायला नको होतं. यमू चिडली नाही. तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

"खोली हाय गो तिकडं. पन खोलीच्या भायेर काय हाय? बाबाच्या तेराव्याला आली तवा आगरावर जायला निघाली, तं भरावात वाट चुकली. आपल्या गावात! एका डंपरवाल्यानं मना घरी आनून सोडली. तिकडं मी पावनी झाली, ताय. इथं मना डोले बांधून सोडा, दगड शोधीन."

"मग आईला काय सांगू?"

"सांग, यमूच्या हातात काठी दिली हाय. तिला कलंल."

मी रडले. रागाने रडले, आणि तितकीच अभिमानानेही. दुपारी तिने त्या झुडपात दगड शोधला तेव्हा माझी छाती किती फुगली होती, हे मी तिला सांगितलं नाही. आता इथे लिहिते आहे.

आपली शीव

गव्हाणला मी एकटी उतरले तेव्हा दादा रिकाम्या हाताने आलेल्या वसुलीवाल्याकडे बघावं तसा बघून आत निघून गेला. आई ओसरीवर बसली होती. तिने माझ्या मागे पाहिलं, रस्ता संपेपर्यंत पाहिलं, आणि मग म्हणाली, "पानी पी."

मी तिला सगळं सांगितलं. सुकट, रांगोळी, गवताखालचं गाव, सगळं. ती रस्त्याकडेच बघत होती. दगडावर बूड आपटायची रीत सांगितली तेव्हा मात्र पदर तोंडाला लावून हसली, अगदी हलेपर्यंत. मग काठीचं सांगितलं. तिने पदराची गाठ चाचपली.

"उद्या सकाली ये," म्हणाली. "कुंकू, नारल घे."

सकाळी आम्ही दोघी निघालो. जिथे आमच्या मिठाच्या वाफ्यांचे बांध होते तिथे लाल मुरमाचा भराव, त्यावर डंपरच्या चाकोऱ्या. मला काही ओळखू येईना. आई चालत होती, थांबत होती. "हितं आपला बांध. हितं तुझ्या बापानं तुला पाठुंगली मारून पानी दाखवलं." करंजाचं झाड अजून होतं. देव अर्धा मुरमात गेला होता. आम्ही हातांनी मुरूम बाजूला केला, कुंकू लावलं, नारळ फोडला.

मग आईने करंजाची एक फांदी मोडली. "तिकडं कसं मारतात?"

मी तिचा हात धरायला पुढे झाले. पण फांदी देवाला नाही लागली. तिने देवाशेजारच्या जमिनीवर फांदी आपटली, एकदा, दोनदा. "हितवर आमचं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, तिथे आम्ही दोघी आणि दूरवर एक डंपर. मग तिने वाकून कपाळ टेकवलं, आणि मला हाताने खुणावलं. मीही टेकवलं.

झाडाच्या सावलीत बसल्यावर ती पदराची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती, पण तिने मला सोडू दिली नाही. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"दादाला दे. खोलीत भाडेकरू ठेव म्हनावं."

मी ती मुठीत धरली. ती उठली, लुगड्याचा मुरूम झटकला, चार पावलं चालली आणि मागे वळली.

"पन तो पंखा काढून माझ्या खोलीत लाव म्हनावं. यमू कवा पावनी आली, तं तिला आपली गरमी सोसायची नाय."